भूमध्य समुद्रात बुडी मारण्याआधी : फ्रेंच किनाऱ्यावरच्या नियमांची गोष्ट

बसमध्ये असाल, लोकलमध्ये लटकत असाल किंवा भांडी घासता घासता ऐकत असाल, आज सगळ्यांनी माझ्याबरोबर पाण्यात उतरायचं आहे. दक्षिण फ्रान्सच्या पाण्यात.

मार्सेलिसपासून पूर्वेकडे निघालं की तूलाँ, कान, आंतिब, नीस असं करत इटलीच्या हद्दीपर्यंत जो किनारा जातो, तो तुम्ही रील्समध्ये शंभर वेळा पाहिला असेल. पांढरे खडक, पाइनची झाडं, आणि पाणी इतकं नितळ की होडी हवेत तरंगतेय असं वाटावं. लाटा नाहीत, भरती-ओहोटी नावापुरती. कोकणातल्या माणसाला तर हा समुद्र तलावासारखाच वाटेल.

पण या तलावाच्या काठावर आज जे नियम सांगितले जातात ना, म्हणजे एकट्याने बुडी मारू नका, अमुक मीटरच्या खाली जाऊ नका, पिवळ्या बोयांच्या आत राहा, त्यातले बरेचसे तिथेच शिकले गेले आहेत, आणि महागात शिकले गेले आहेत. गंमत म्हणजे ही किंमत नवशिक्यांनी मोजलेली नाही. त्या काळात जगात ज्यांना पाण्याखालचं सगळ्यात जास्त कळत होतं, त्यांनी मोजली. आजच्या गोष्टीत असा एक माणूस आहे, मोरिस फार्ग. कुस्तोचं नाव तुम्ही ऐकलं असेल, फार्गचं बहुधा नाही. त्याच्याकडे येऊच, पण आधी थोडं मागे जाऊ.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर उन्हाळ्यात कुणी फिरकत नसे. इंग्रज आणि रशियन श्रीमंत मंडळी इथे यायची ती हिवाळ्यात, थंडी चुकवायला. उन्हाळा आला की हॉटेलांना कुलूप. उन्हात काळं व्हायचं, खारट पाण्यात डुंबायचं, हे कोळ्यांचं काम समजलं जाई. १९२३ साली जेरल्ड आणि सारा मर्फी या अमेरिकन जोडप्याने आंतिबच्या ‘हॉटेल द्यू काप’च्या मालकाला उन्हाळ्यातही थोड्या खोल्या उघड्या ठेवायला राजी केलं. शेजारच्या ला गारूप या चिमुकल्या किनाऱ्यावर समुद्री गवताचा थर साचलेला असायचा, तो जेरल्डसाहेब स्वतः दाताळ्याने ओढून साफ करायचे. म्हणजे आज जिथे खुर्ची मिळवायला मारामार, तिथली ही सुरुवात.

लोक पोहायला लागले, तसे पाण्याखाली डोकावायलाही लागले. १९३० नंतर इथे चष्मे लावून भाल्याने मासे मारायचं वेडच आलं. गाय गिलपॅट्रिक नावाच्या अमेरिकन लेखकाने विमानात वापरायचा गॉगल घेतला, फटी पुट्टीने बुजवल्या आणि तो लावून पाण्यात उतरला. १९३८ मध्ये त्याने या छंदावर पुस्तकही लिहिलं.

आता इथे पहिली अडचण आली, आणि ती आजही तितकीच खरी आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. आपल्यावर हवेचा जो दाब असतो, तेवढाच अजून एक दाब पाण्यात दर १० मीटरला वाढतो. १० मीटर खाली गेलात की दाब दुप्पट. गॉगलच्या आत अडकलेली हवा दाबली जाते, आक्रसते, आणि तिची जागा भरून काढायला गॉगल तुमचे डोळे स्वतःकडे ओढायला लागतो. डोळ्यातल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. यावर उपाय एकच, नाक काचेच्या आत घ्यायचं. म्हणजे नाकाने थोडी हवा सोडली की आतला दाब सारखा होतो. म्हणून डायव्हिंगचा मास्क नाकावरूनही असतो. पोहायचा गॉगल लावून कुणी खोल बुडी मारत असेल तर त्याला हे आजच सांगा.

पायातले फिन्सही याच काळातले. लुई द कॉर्लिए या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने १९३३ मध्ये त्यांचं पेटंट घेतलं. मास्क आला, फिन्स आले. राहिला प्रश्न श्वासाचा.

१९३६. तूलाँच्या नौदल तळावर एक तरुण तोफखाना अधिकारी आला, जाक-ईव्ह कुस्तो. त्याला व्हायचं होतं वैमानिक, पण मोटार अपघातात दोन्ही हात जायबंदी झाले आणि ते स्वप्न संपलं. हातात बळ यावं म्हणून तो पोहायला लागला. फिलिप तायिए या सहकाऱ्यामुळे त्याला समुद्राची गोडी लागली. तूलाँजवळच्या ल मूरियाँ किनाऱ्यावर त्याने एका रविवारी डोळ्यांना चष्मा लावून पाण्यात डोकं घातलं, आणि पुढचं आयुष्य तिथेच ठरलं असं तो सांगायचा. जवळच्या सानारी गावात फ्रेडरिक ड्यूमा होता, त्या भागातला भाल्याने मासे मारणारा पट्टीचा गडी. हे तिघे एकत्र आले.

कुस्तो घाईचा माणूस. त्याने आपल्या जहाजावरच्या शस्त्र-दुरुस्ती करणाऱ्याकडून शुद्ध ऑक्सिजनवर चालणारं एक उपकरण बनवून घेतलं. १४ मीटरपर्यंत ऑक्सिजन चालतो, अशी त्याला माहिती मिळाली होती. तेवढ्याच खोलीवर गेला आणि त्याला झटके आले, शुद्ध हरपत चालली. कमरेचं वजन कसंबसं सुटलं म्हणून तरंगत वर आला. एवढ्यावर थांबावं की नाही? नाही. उपकरणात सुधारणा करून पुन्हा उतरला, पुन्हा झटके. तेव्हा कुठे त्याने ऑक्सिजनचा नाद सोडला. दाब वाढला की शुद्ध ऑक्सिजन मेंदूवर विषासारखा काम करतो, आणि ते साधारण ६ मीटरच्या खालीच सुरू होऊ शकतं. ज्या वायूवर आपण जगतो तोच मारतो, हे पचायला जड आहे, मान्य.

मग युद्ध आलं. पेट्रोल मिळेना म्हणून फ्रान्समध्ये मोटारी लाकूड-कोळशाच्या गॅसवर चालवायची वेळ आली. १९४२ च्या डिसेंबरात कुस्तो पॅरिसला एमील गान्यां या इंजिनिअरला भेटला. गान्यां ‘एअर लिक्विड’ कंपनीत होता आणि त्याच्याकडे एक छोटा व्हॉल्व्ह होता. मोटारीच्या इंजिनाला लागेल तेवढाच गॅस सोडणारा. इंजिनाच्या जागी माणूस ठेवला तर? माणसाने श्वास ओढला की हवा यावी, थांबला की बंद व्हावी, आणि हवेचा दाब आजूबाजूच्या पाण्याइतकाच असावा. झालं, अ‍ॅक्वालंगची कल्पना एवढीच.

जानेवारी १९४३ मध्ये पॅरिसजवळ मार्न नदीत चाचणी झाली. आडवं पोहलं की उत्तम, उभं राहिलं की हवा फसफसून वाया, डोकं खाली केलं की श्वासच ओढवेना. कारण श्वास सोडायची जागा आणि हवा घ्यायची जागा वेगवेगळ्या उंचीवर होती, दाबात फरक पडत होता. दोन्ही शेजारी आणल्यावर काम झालं.

त्याच जूनमध्ये बांदोल आणि सानारीच्या मधल्या एका आडोशाच्या खाडीत कुस्तो ते पाठीला बांधून उतरला. किनाऱ्यावर इटालियन फौजा होत्या, त्यांची नजर चुकवून. मला या दिवसातली सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. त्याची बायको सिमॉन पाण्यावर मास्क आणि श्वासनळी लावून तरंगत त्याच्यावर लक्ष ठेवत होती. तिने इशारा केला की झेप घ्यायला ड्यूमा किनाऱ्यावर तयार. जगातल्या पहिल्यावहिल्या अ‍ॅक्वालंग बुडीला दोन माणसांचा पहारा होता! आज ‘बडी सिस्टीम’ म्हणून जे शिकवतात, ते मॅन्युअल छापायच्या आधीपासून आहे.

त्या उन्हाळ्यात त्यांनी पाचशेच्या आसपास बुड्या मारल्या. मालवण-तारकर्लीला तुम्ही स्कूबा केलं असेल, तर तोंडात जो रेग्युलेटर धरलात तो याच घराण्यातला. आणि तिथल्या दादाने ‘श्वास रोखायचा नाही’ म्हणून बजावलं असेल, तर कारण हे, की १० मीटरवर छातीभर घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते. ती बाहेर सोडली नाही तर फुप्फुस फाटतं.

ऑक्टोबर १९४३. जागा मार्सेलिसच्या टोकाची ले गूद ही कोळीवाडी. (मार्सेलिस म्हटलं की मराठी माणसाला ८ जुलै १९१० ची सावरकरांची उडीच आठवते. त्या उडीवर वेगळा भाग करायचा आहे, आज नको.) ड्यूमा किती खोल जाऊ शकतो हे पाहायचं होतं. तळाशी वजन बांधलेला दोर सोडला, साक्षीदार बसवले. ड्यूमाने जिथपर्यंत जमेल तिथे आपला पट्टा दोराला बांधून वर यायचं, असं ठरलं. खाली जाता जाता त्याला झोप आल्यासारखं व्हायला लागलं, छान वाटायला लागलं, काळजी उरली नाही. पट्टा बांधून वर आला तेव्हा तो जरा खट्टूच होता, ३० मीटरसुद्धा झाले नसतील असं त्याला वाटत होतं. दोर मोजला तर ६२ मीटर.

ही खरी भीती आहे बघा. शार्क दिसतो, लाट दिसते. इथे मोजमाप करणारं डोकंच बिघडतं, आणि बिघडलंय हे त्या डोक्याला कळत नाही. हवेतला नायट्रोजन दाबाखाली दारूसारखा चढतो. फ्रेंचांनी याला नाव दिलं ‘खोलीची नशा’. ड्यूमासारखा माणूस निम्म्याहून जास्त चुकला, तर माझ्या-तुमच्यासारख्यांचं काय?

युद्ध संपलं. १९४५ मध्ये तूलाँला नौदलाने पाण्याखालच्या संशोधनाची तुकडी उभी केली, प्रमुख तायिए. या तुकडीत मोरिस फार्ग होता.

२७ ऑगस्ट १९४६. समुद्र सोडून ही मंडळी आतल्या बाजूला, व्होक्लूझच्या झऱ्यावर गेली. कड्याच्या पायथ्याशी एक गार, अंधारी विहीर, जिचा तळ तेव्हा कुणाला माहीत नव्हता. कुस्तो आणि ड्यूमा दोराला बांधून आत उतरले. दोराचं वरचं टोक फार्गच्या हातात. झटक्यांची भाषा ठरलेली होती, इतके झटके म्हणजे अजून दोर सोड, इतके म्हणजे ताबडतोब वर ओढ.

४५ मीटरच्या आसपास दोघांचंही डोकं चालेना. नेहमीच्या नशेपेक्षा हे वेगळं होतं. ड्यूमा जवळजवळ बेशुद्ध. कुस्तो दोराला धरून वर चढायचा प्रयत्न करत होता, पण तो ओढत होता तसतसा वर फार्ग दोर सोडत होता, कारण त्या झटक्यांचा अर्थ ‘अजून हवा’ असाच लागत होता. विचार करा, ज्या दोराने वाचायचं तो हातात सैल होत चाललाय. शेवटी फार्गला काहीतरी चुकतंय असं वाटलं. स्पष्ट इशारा मिळाला नव्हता. चूक ठरली असती तर बोलणी खावी लागली असती. त्याने ओढायचं ठरवलं, आणि दोघे जिवंत वर आले.

कारण नंतर सापडलं. सिलिंडर भरणारा कॉम्प्रेसर स्वतःच्याच इंजिनाचा धूर आत ओढत होता. सिलिंडरमध्ये कार्बन मोनॉक्साइड. जमिनीवर जेमतेम डोकं दुखेल एवढं प्रमाण त्या खोलीवर पाचपटीहून जास्त झालं. आजही चांगल्या डायव्हिंग सेंटरवर कॉम्प्रेसरची हवा ओढायची नळी एक्झॉस्टपासून लांब, वाऱ्याच्या वरच्या बाजूला ठेवतात. पुढच्या वेळी गेलात तर सहज बघून या.

आता सप्टेंबर १९४७, तूलाँ. नशेला तळ आहे का, हे तुकडीला शोधायचं होतं. वजनाचा दोर खाली सोडला आणि त्याला दर ५ मीटरवर पांढऱ्या पाट्या बांधल्या. ज्याने त्याने खाली जायचं, जमेल त्या पाटीवर पेन्सिलने सही करायची, कसं वाटतंय ते लिहायचं. म्हणजे ड्यूमाच्या वेळी जे फसलं, ते यावेळी फसू नये. डोक्यावर विश्वास नको, पाटीवर ठेवू. कल्पना किती शहाणपणाची होती!

फार्ग खाली गेला. ठरावीक वेळाने दोरावर त्याचे झटके येत होते, ‘सगळं ठीक’. मग यायचे थांबले. वरच्यांनी लगेच ओढायला सुरुवात केली, तयार ठेवलेला दुसरा पाणबुड्या त्याला गाठायला खाली झेपावला. फार्ग मिळाला तेव्हा तोंडातला रेग्युलेटर निसटून छातीवर लोंबत होता. बारा तास त्याला श्वास देत राहिले, उपयोग झाला नाही.

दोर वर काढला. १२० मीटरच्या पाटीवर त्याची सही होती.

वर्षभरापूर्वी इशारा नसताना ज्याने ओळखून दोर ओढला, त्याच्या स्वतःच्या वेळी दोरावर माणसं होती, तयारी होती, वेळेवर ओढलंही. तरी १२० मीटरवर ते पुरेसं नव्हतं. १२० मीटर म्हणजे आपल्या नेहमीच्या १३ पट दाब. तिथे साधी हवा घेऊन कुणी पोहोचतो, पण तोंडातली नळी तोंडातच ठेवायची हे लक्षात ठेवणारं कुणी त्याच्या आत शिल्लक राहत नाही.

या मृत्यूनंतर त्या मंडळींनी साध्या हवेवरच्या बुडीची मर्यादा ९० मीटरच्या आसपास मानली. पुढे ती वर वर सरकत गेली. आज फ्रान्समध्ये हौशी पाणबुड्याला हवेवर ६० मीटर ही शेवटची रेषा आहे, जगातल्या बहुतेक संस्था ४० वर थांबवतात, आणि नवीन कार्ड मिळालेल्याला १८ किंवा २०. १९४८ मध्ये फ्रान्समध्ये या खेळाचा महासंघ झाला, १९५९ मध्ये मोनाकोत जागतिक महासंघ, पहिला अध्यक्ष कुस्तोच. ‘अरे अजून खाली रंगीत मासे असतील, जाऊया ना’ म्हणणाऱ्या मित्राला जो इन्स्ट्रक्टर नाही म्हणतो, तो फार कंजूष नसतो. त्याला ही आकड्यांची उतरंड माहीत असते.

बरं, सगळेच काही खोल जात नाहीत. वरवर पोहणाऱ्यांचं काय?

चंडीगडचा आराखडा करणारा ल कॉर्बुझिए इथेच गेला. मोनाकोजवळ रोकब्रून-काप-मार्तांला त्याची एक लाकडी खोली होती, तिथे उन्हाळ्यात राहायचा आणि खालच्या पाण्यात पोहायचा. २७ ऑगस्ट १९६५ ला नेहमीसारखाच पोहायला उतरला, वय ७७. परत आला नाही. हृदय बंद पडलं असावं असं मानतात. २०१६ साली युनेस्कोने त्याची कामं जागतिक वारशात घेतली, तेव्हा चंडीगडचा कॅपिटल कॉम्प्लेक्स आणि ती खोली एकाच यादीत आली. ओळखीचं पाणी, रोजची जागा, शांत समुद्र.

आणि शांतपणाच इथे फसवतो, तो वाऱ्यामुळे. शाळेत खारे वारे, मतलई वारे शिकलो होतो आठवतंय? समुद्राकडून येतात ते खारे, जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई. या भागात मिस्ट्राल नावाचा कोरडा, जोरदार वारा रोनच्या खोऱ्यातून उतरतो. तो जमिनीकडूनच समुद्राकडे जातो, पण मतलई वाऱ्याची झुळूक नव्हे, चांगला सोसाट्याचा. दक्षिणेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यावर कड्यांच्या आडोशाला पाणी अगदी आरशासारखं दिसतं. ऊन लख्ख, आकाश स्वच्छ. तुम्ही फुगवलेला फ्लेमिंगो किंवा पॅडलबोर्ड घेऊन निघता, कड्यांचा आडोसा संपतो, आणि वारा पाठीमागून धरतो. कोकणात आपण लाट आणि ओहोटीची ओढ ओळखायला शिकतो. इथे ओढ पाण्यात नसते, पाठीवर असते, आणि घरी परतायचं ते तिच्याविरुद्ध.

शिवाय मिस्ट्राल वरचं कोमट पाणी खुल्या समुद्राकडे ढकलतो, खालून थंड पाणी वर येतं. मार्सेलिसच्या बाजूला भर उन्हाळ्यात २४ अंशांचं पाणी एक-दोन दिवसांत १५-१६ वर येतं. तासभर उन्हात भाजून, पोटभर जेवून त्यात धाडकन उडी मारली तर शरीराला असा धक्का बसतो की शुद्ध जाऊ शकते. फ्रेंच आया मुलांना आधी मान आणि मनगटं ओली करायला लावतात, ते यासाठी.

इंजिनाच्या होड्यांचं प्रकरण त्यानंतरचं. वॉटर स्कीइंगची पहिली जागतिक स्पर्धा १९४९ मध्ये इथल्याच जुआँ-ले-पँला झाली. पुढे होड्या वाढल्या, जेटस्की आल्या, आणि पोहणाऱ्याचं डोकं चालवणाऱ्याला दिसेना. १९८६ च्या किनारा कायद्याने किनाऱ्यापासून ३०० मीटरपर्यंतच्या पोहण्याची आणि छोट्या साधनांची व्यवस्था गावच्या महापौराकडे दिली. या पट्ट्यात होडीचा वेग ५ नॉट, म्हणजे ताशी जेमतेम ९ किलोमीटर. पिवळे बोये दिसतात ते याच हद्दीचे. बोयांच्या दोन रांगांमधून जेटस्की आणि होड्यांना बाहेर जायला गल्ली असते, तिथे पाणी रिकामं दिसतं म्हणून पोहायला शिरायचं नाही. पाणबुड्यांचा झेंडा दिसला तर होडीने १०० मीटर लांब राहायचं.

झेंड्यांची भाषा २०२२ मध्ये बदलली. वर लाल, खाली पिवळा असे दोन झेंडे दिसले की त्यांच्यामध्ये पोहायचं, तिथे जीवरक्षक बघत असतात. खांबावर हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे पाण्यात जायचंच नाही. खांबावर काहीच नसेल तर तुमच्याकडे कुणी बघत नाहीये असं समजा. काही ठिकाणी नारिंगी कापडी नळी फडकते, विमानतळावर असते तशी. ती मिस्ट्रालसारख्या वाऱ्याची सूचना. त्या दिवशी फ्लेमिंगो वाळूवरच.

आणि तरीही वाऱ्याने धरलंच, तर बोर्ड सोडून किनाऱ्याकडे पोहत सुटू नका. बोर्ड तरंगतो, लांबून दिसतो, माणसाचं डोकं दिसत नाही. त्याला धरून पडून राहा, हात हलवा. मोबाईल वॉटरप्रूफ पाऊचमध्ये गळ्यात असेल तर फ्रान्समध्ये समुद्रावरच्या मदतीचा नंबर १९६, होडीवर रेडिओ असेल तर चॅनल १६. नंबर आत्ताच सेव्ह करा, तिकीट नंतर काढा. भेटू पुढच्या भागात.